मायग्रेनची गोळी: कोणती, केव्हा आणि महिन्यातून किती दिवस?

प्रश्न थोडक्यात: वय ३३. अठराव्या वर्षापासून मायग्रेन आहे. महिन्यातले आठ-नऊ दिवस डोकं जोरात ठणकतं आणि मळमळतं. कधीकधी त्याआधी वीसेक मिनिटं डोळ्यांसमोर चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी घेतली की तात्पुरतं बरं वाटतं. महत्त्वाचं काम असलं तर दुखू नये म्हणून आधीच एक घेऊन ठेवते. असे महिन्याचे चौदा-पंधरा दिवस गोळीचे होतात. गेले चार-पाच महिने उरलेल्या दिवशीही सकाळी उठताना डोकं जड असतं. सुमाट्रिप्टान ५० एकदाच घेतली, तीही रेषा दिसताक्षणी. दुखायचं ते दुखलंच, वर छाती आणि मान आवळल्यासारखी झाली, म्हणून परत घेतली नाही. डॉक्टरांनी रोजसाठी प्रोप्रानोलॉल २० दिवसातून दोनदा दिली होती. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही आणि रोजच्या गोळीची सवय लागेल या भीतीने ती बंद केली. एका मैत्रिणीला टोपिरामेटने गुण आला आहे. सध्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, वर्षभरात मूल हवं आहे. या सगळ्या औषधांत सर्वांत चांगलं कोणतं, ते एकदा स्पष्ट सांगा.

उत्तर: औषधांची तुलना करण्याआधी, पत्रात तुम्ही जाता जाता लिहून गेलात ती एक गोष्ट घेऊ. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटावर इथिनिल इस्ट्राडिओल किंवा इस्ट्राडिओल (ही इस्ट्रोजेन या संप्रेरकाची रूपं) असं नाव आहे का, ते आजच बघा. डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या त्या नागमोडी रेषा म्हणजे ऑरा. ऑरा होणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका मुळात थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. तुमच्या वयात हा धोका लहानच आहे, पण तो टाळता येण्यासारखा आहे. म्हणून ऑरा असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत, आणि जोडीला धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब असेल तर विषयच संपतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात सांगा. इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिन या दुसऱ्या संप्रेरकाची गोळी किंवा कॉपर-टी असे पर्याय आहेत. अनेकदा गोळी लिहून देणाऱ्याला ऑराची कल्पनाच नसते, कारण 'डोकं दुखतं' एवढंच सांगितलेलं असतं.

आता औषधं. तुमच्या लेखी सुमाट्रिप्टान आणि प्रोप्रानोलॉल नापास झाल्या आणि कॅफीनवाली गोळी पास. मला मात्र असं दिसतं, की त्या दोघींची नीट परीक्षाच झाली नाही, आणि जिला पास ठरवलंत तिनेच तुमचं दुखणं वाढवत नेलं आहे.

पहिली शंका येते ती त्या सकाळच्या जडपणामुळे. वेदनाशामकांच्या अतिवापरामुळे येणारी डोकेदुखी हा एक स्वतंत्र, नीट व्याख्या केलेला आजार आहे. आधीपासून डोकेदुखी असलेल्या माणसाचं डोकं महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस दुखू लागतं, आणि तो तीन महिन्यांहून अधिक काळ साधी वेदनाशामकं महिन्याला १५ किंवा जास्त दिवस घेत असतो, तेव्हा हे निदान होतं. ट्रिप्टान (सुमाट्रिप्टान याच गटातली), अर्गोटामीन (मायग्रेनचं जुनं औषध), ओपिऑइड (कोडीनसारखी अफूवर्गीय औषधं) आणि मिश्र, म्हणजे एकाहून जास्त औषधं असलेल्या गोळ्यांसाठी हीच मर्यादा १० दिवसांची आहे. तुमची गोळी मिश्र आहे. म्हणजे १५ च्या आत आहोत असं वाटत असताना तुम्ही १० ची रेषा केव्हाच ओलांडली आहे. मोजायचे असतात ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी दिवस एकच, आणि कामाआधी 'घेऊन ठेवलेल्या' गोळीचा दिवसही पूर्ण धरायचा. रात्रभरात औषध आणि कॅफीन दोन्ही उतरतात, म्हणून सकाळ सर्वांत वाईट जाते. मग पुन्हा गोळी, पुन्हा तीच सकाळ. हे चक्र चालू असताना प्रतिबंधक औषधाचा, म्हणजे अटॅक कमी यावेत म्हणून प्रोप्रानोलॉलसारखं रोज घेतात त्याचा, गुणही कमी येतो.

गोळीच्या वेष्टनावरचे घटक वाचा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून उतरता क्रम घ्या. फक्त पॅरासिटामॉल आणि कॅफीन असेल तर एकदम थांबवता येते, पण त्याआधी तयारी लागते. साधारण २ ते १० दिवस डोकं आणखी दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. ज्या आठवड्यात कामाचा ताण कमी आहे तो निवडा आणि घरच्यांना कल्पना देऊन ठेवा. चहा-कॉफी त्याच दिवशी सोडायला जाऊ नका, आहे तेवढ्यावर स्थिर ठेवा. प्रतिबंधक औषध त्याच वेळी सुरू करावं. नुसती गोळी थांबवण्यापेक्षा दोन्ही एकत्र केलेलं चांगलं. फारच दुखलं तर आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस नॅप्रोक्सेन (आयबुप्रोफेनच्या जातीचं वेदनाशामक) किंवा ट्रिप्टान चालेल. बहुतेक लोक हे सोडून देतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण वाढलेलं दुखणं पाहून 'गोळीशिवाय माझं भागतच नाही' अशी खात्री पटते. ते वाढणं अपेक्षितच असतं.

आता अटॅक मोडणाऱ्या औषधांची तुलना. चाचण्यांमध्ये कडक निकष असा लावतात: दोन तासांत दुखणं पूर्ण थांबलं का? नुसत्या खोट्या, औषध नसलेल्या गोळीनेही सुमारे १०० पैकी ११ जणांचं थांबतं. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमने सुमारे २६ जणांचं, अॅस्पिरिन १००० मिलिग्रॅमने २४, सुमाट्रिप्टान ५० ने २८, १०० ने ३२, आणि सुमाट्रिप्टानच्या ६ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने ५९. हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांमधले आहेत, त्यामुळे दोन-चार अंकांच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी त्यातून दिसतात. साध्या गोळीला कमी लेखू नये, आणि तेच औषध पोटातून जातं की त्वचेखालून, याने निकाल दुपटीएवढा बदलतो.

त्याचं कारण पोटात आहे. अटॅकमध्ये जठराची हालचाल मंदावते आणि गोळी आतड्यात लवकर पोहोचतच नाही. म्हणून उशिरा घेतलेली गोळी 'लागू पडत नाही' आणि मग माणूस दुसरी, तिसरी घेतो. मळमळ ठळक असेल तर वेदनाशामकासोबत मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम किंवा डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅम घेतात. उलटी थांबते आणि दुसरं औषधही शोषलं जातं. मेटोक्लोप्रामाइडने तरुण माणसांत क्वचित मान किंवा जबडा वाकडा होऊन आखडतो, तसं झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. डॉमपेरिडोन हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. वेदनाशामकाचा डोसही पहिल्याच फटक्यात पुरेसा हवा: पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन ४०० ते ६००, नॅप्रोक्सेन ५००. अर्धी गोळी घेऊन वाट बघणं ही काटकसर महागात पडते. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेनच्या वाटेला जायचं नाही.

ट्रिप्टानच्या बाबतीत वेळेचा नियम थोडा वेगळा आहे, आणि तुमची सुमाट्रिप्टान तिथेच अडखळली. ऑरा चालू असताना घेतलेली ट्रिप्टान पुढची डोकेदुखी भरवशाने रोखत नाही. ती घ्यायची ठणका सुरू झाल्यावर, पण तो सौम्य असतानाच. रेषा दिसल्या की नॅप्रोक्सेन घेता येईल; ट्रिप्टान हाताशी ठेवायची आणि दुखू लागताच गिळायची. एकाच अटॅकवरून निकाल लावायचा नाही, निदान तीन अटॅकमध्ये बघायचं. पहिल्या गोळीने थोडंही बरं वाटलं नाही, तर त्याच अटॅकसाठी दुसरी घेण्यात सहसा फायदा नसतो. बरं वाटून दुखणं पुन्हा उलटलं, तर मात्र किमान दोन तासांनंतर दुसरी चालते. सुमाट्रिप्टानची २४ तासांतली कमाल मात्रा २०० मिलिग्रॅम.

तीन वेळा वेळेवर घेऊनही जमली नाही, तर दुसरी ट्रिप्टान बघा. एक चालली नाही म्हणून सगळ्या गेल्या असं होत नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १३७ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास छापला. त्यात इलेट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान या चौघी नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या. ज्यांचं दुखणं त्याच दिवशी उलटतं त्यांच्यासाठी दीर्घकाळ टिकणारी फ्रोवाट्रिप्टान असते. सुमाट्रिप्टान रक्तात दोन तासांत निम्मी होते, फ्रोवाट्रिप्टानला त्यासाठी सुमारे २६ तास लागतात. अर्थात ती चढतेही हळू. ट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेन एकत्र घेतल्यानेही उलटणं कमी होतं.

छाती आवळण्याबद्दल. ट्रिप्टाननंतर छाती, मान, जबडा यांत दाब किंवा ताण जाणवणं बरंच आढळतं आणि बहुतेक वेळा त्याचा हृदयाशी संबंध नसतो. तरी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यांना रक्तदाब तपासू द्या, आणि कुटुंबात कमी वयात हृदयविकार, मधुमेह किंवा धूम्रपान असं काही असेल तर आधी हृदयाची तपासणी होऊ द्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, पूर्वीचा पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब यांत ट्रिप्टान चालत नाही. ऑरामध्ये अर्धं अंग लुळं पडत असेल तरीही नाही. अर्गोटामीनच्या जुन्या मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान यांत २४ तासांचं अंतर हवं. खरं तर अर्गोटामीनला आता फारशी जागा उरलेली नाही. तिच्यासोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक पडलं तर हातापायांच्या रक्तवाहिन्या धोकादायक रीतीने आकुंचन पावतात, आणि मूल हवं असणाऱ्या स्त्रीने तर ती घेऊच नये.

नव्या औषधांपैकी रिमेजेपँट ७५ मिलिग्रॅम आणि युब्रोजेपँट ही ट्रिप्टान न चालणाऱ्यांसाठी खरी सोय आहे, कारण ती रक्तवाहिन्या आकुंचित करत नाहीत. लास्मिडिटानही तशीच, पण ती घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही. तुमच्यावर ती वेळ अजून आलेली नाही.

आता रोजच्या गोळीची भीती. सवय लागण्याची काळजी तुम्हाला प्रोप्रानोलॉलची वाटली, आणि कॅफीनची गोळी मात्र निर्धास्तपणे चालू राहिली. प्रतिबंधक औषधांची अशी चटक लागत नाही. ती सहसा सहा महिने ते वर्षभर घेऊन, अटॅक आटोक्यात आल्यावर हळूहळू कमी करतात. त्यांनी अटॅक शून्यावर येतील ही अपेक्षाही ठेवू नका. महिन्यातले मायग्रेनचे दिवस निम्मे झाले, तर औषध चाललं असं धरतात. तुमच्या बाबतीत आठ-नऊचे चार.

प्रोप्रानोलॉलचा तुमचा डोस होता दिवसाला ४० मिलिग्रॅम. तो सुरुवातीचा डोस झाला. मायग्रेनसाठी बहुतेकांना दिवसाला ८० ते १६० लागतात. तिथवर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवत पोहोचायचं आणि पुरेशा डोसवर किमान आठ आठवडे थांबायचं, मगच निकाल. तीन आठवड्यांत ते औषध तुमच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. दमा असेल, लहानपणचा का होईना, तर ते घेण्याआधी सांगायला हवं, कारण श्वासनलिका आवळतात. नाडी ५० च्या खाली गेली किंवा उठताना चक्कर आली तर डोस कमी करावा लागतो. आणि पुन्हा कधी बंद करायची झाली तर एकदम नको, टप्प्याटप्प्याने. प्रोप्रानोलॉलमुळे रिझाट्रिप्टानची रक्तातली पातळी बरीच वाढते, त्यामुळे दोन्ही एकत्र असतील तर रिझाट्रिप्टान १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची घ्यायची. ही जोडी दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असली की हमखास नजरेतून सुटते.

मैत्रिणीची टोपिरामेट हेही प्रतिबंधक, आणि चांगलं औषध आहे, पण तुमच्यासाठी चुकीचं. २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला २५ ने वाढवत ५० दिवसातून दोनदा, असा तिचा क्रम. बोटांना मुंग्या, वजन घटणं, ऐन वेळी शब्द न आठवणं, मूतखडा हे त्रास ठाऊक आहेत. एरेनुमॅब या प्रतिबंधक इंजेक्शनशी तिची थेट तुलना झाली तेव्हा, दुष्परिणामांमुळे टोपिरामेट सोडणारे १०० पैकी ३९ होते आणि एरेनुमॅब सोडणारे ११. तुमच्यासाठी निर्णायक मुद्दा वेगळा आहे: गर्भात टाळू-ओठाचं व्यंग होण्याचा धोका ती वाढवते. शिवाय जास्त डोसमध्ये गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी करते. व्हॅल्प्रोएट हे आणखी एक प्रतिबंधक औषध गर्भाला त्याहून घातक. कँडेसार्टन हे रक्तदाबाचं औषध १६ मिलिग्रॅमच्या डोसमध्ये प्रोप्रानोलॉलच्या तोडीस तोड ठरलेलं आहे आणि दम्यातही चालतं, पण गरोदरपणात तेही वर्ज्य. फ्लुनारिझिनने वजन वाढतं आणि मन उदास होऊ शकतं. गर्भारपणातली माहितीही अपुरी. दर महिन्याची किंवा तीन महिन्यांची इंजेक्शनं, म्हणजे एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब, सहन व्हायला सोपी आहेत, पण शरीरातून निघून जायला काही महिने घेतात. म्हणून गर्भधारणेच्या निदान पाच-सहा महिने आधी ती थांबवायला सांगतात. बोटॉक्स हे महिन्याला १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्या जुनाट मायग्रेनसाठी आहे: ३१ जागी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. तुमची महिन्यातली सगळी दुखरी दिवसगणती १५ च्या पुढे गेलेली दिसते, पण आधी मिश्र गोळी सुटू द्या. त्यानंतर खरी गणती किती उरते ते कळेल.

थोडक्यात, वर्षभरात मूल हवं असेल तर तुमच्या हातात उरतात प्रोप्रानोलॉल किंवा कमी डोसची अॅमिट्रिप्टिलीन. झोप नीट लागत नसेल किंवा मानेचे स्नायू सतत ताठ असतील तर अॅमिट्रिप्टिलीन बरी: १० मिलिग्रॅम झोपण्याच्या एक-दोन तास आधी, सोसेल तसं २५ पर्यंत. तोंडाला कोरड पडते, सकाळी गुंगी राहते, वजन वाढू शकतं. तसं नसेल आणि दमा नसेल, तर मी पुन्हा प्रोप्रानोलॉलच्याच बाजूने कौल देईन, या वेळी पुरता डोस आणि पुरते आठवडे. ती गरोदरपणात पुढे चालू ठेवायची की नाही, हे आधीच ठरवून घ्या. बाळाची वाढ आणि जन्मानंतरची साखर यांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून शक्य असल्यास कमी करत थांबवतात. गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या तिमाहीत मायग्रेन अनेकींचं आपोआप उतरतं, ही त्यात जमेची बाजू. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, ४०० मिलिग्रॅम रोज, तीन महिने, हा निरुपद्रवी जोड पर्याय आहे (लघवी गर्द पिवळी होते, त्याने दचकू नका). मॅग्नेशियमही चालतं, जुलाब होऊ लागले तर डोस कमी करायचा. अटॅकसाठी गरोदरपणात पहिली पसंती पॅरासिटामॉलला. ट्रिप्टानपैकी सर्वाधिक अनुभव सुमाट्रिप्टानचा आहे, म्हणून तिची नीट परीक्षा आताच घेऊन ठेवलेली बरी. आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन मूल राहावं म्हणून प्रयत्न सुरू केल्यावर डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि विसाव्या आठवड्यानंतर टाळा.

डॉक्टरांकडे जाताना महिनाभराची वही न्या. तारीख, दुखणं ० ते ३ पैकी किती, कोणती गोळी किती वाजता, आणि दोन तासांनी काय झालं, एवढे चार रकाने पुरेत. पाळीच्या तारखांवर खूण करा. अटॅक पाळीच्या दोन दिवस आधीपासूनच्या पाच-सहा दिवसांतच येत असतील, तर तेवढ्यापुरतं नॅप्रोक्सेन किंवा फ्रोवाट्रिप्टान देण्याची पद्धत आहे आणि रोजच्या औषधाची गरज कदाचित पडणार नाही. वही आठ आठवडे चालू ठेवली की डोस वाढवायचा, बदलायचा की तसाच ठेवायचा, हे आठवणीवर अवलंबून राहत नाही.

आणि हे सगळं ओळखीच्या मायग्रेनसाठी. क्षणार्धात कळस गाठणारी, आयुष्यात कधी न झालेली तीव्र डोकेदुखी; तापासोबत ताठ मान; बोलणं अडखळणं; एका बाजूची ताकद जाणं; तासाभराहून जास्त टिकणारा ऑरा; किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांत वही आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यायची. पहिल्या चारांत तर थेट आपत्कालीन विभागात जायचं, आणि तिथे पोहोचेपर्यंत ट्रिप्टान घ्यायची नाही.